न वाजलेला बझर आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा : तासगाव रस्त्यावरील एका शाळेच्या बसचे प्रकरण

सांगलीहून माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे, कवठे एकंद असे करत तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शाळेच्या दोन बसगाड्या मुलांची ने-आण करतात. त्यातली एक मोठी आहे आणि दुसरी लहान. संस्थेने दोन्ही गाड्यांसाठी ताशी ४० किलोमीटर ही कमाल मर्यादा स्वतःच ठरवली होती आणि ती पाळली जावी म्हणून मोठ्या गाडीत आधी जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता. हा ट्रॅकर कोण्या मोठ्या कंपनीचा तयार माल नव्हता. सुटे भाग आणून, त्यावर प्रोग्राम चढवून एका पुरवठादाराने तो जुळवून दिला होता. त्यात उपग्रहांचे संदेश पकडणारे मॉड्यूल, एक लहानसा प्रोसेसर, मोबाइलचे सिम, एक छोटा पडदा आणि चालकाच्या डोक्यावर बसवलेला बझर एवढेच होते. वेगाचा आकडा ४० च्या वर गेला की बझर वाजायचा आणि त्या क्षणाची नोंद शाळेच्या संगणकावर दिसायची.

ट्रॅकर बसल्यापासून बझर एकदाही वाजला नाही. संस्थेला यात समाधानच वाटले. पुढे कवलापूर आणि कुमठ्याच्या काही पालकांनी गाडी फार जोरात जाते अशी तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी महिन्याभराचा अहवाल छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वेगाच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा ३० होता. पालक गप्प बसले, पण त्यांची खात्री पटली नाही. त्यांच्यातल्या एकाने मोटारसायकलवरून बसच्या मागे अंतर राखून गाडी चालवली आणि आपल्या काट्यावर ५५ दिसत असतानाची वेळ टिपून घेतली. त्या वेळेसमोर शाळेच्या नोंदीत २८ हा आकडा होता. मोटारसायकलचा काटा थोडाफार जास्त दाखवतो हे मान्य केले, तरी ५५ आणि २८ यांतला फरक काट्याच्या खोडीत बसण्यासारखा नव्हता.

पुरवठादाराला बोलावण्यात आले. तो चालकाच्या शेजारी बसला, गाडी एका वेगावर स्थिर धरायला सांगितली आणि पाहिले : डॅशबोर्डवरचा काटा ४३ वर होता, ट्रॅकरच्या पडद्यावर २१.६ होते. छताच्या पत्र्यामुळे अँटेनाला संदेश नीट मिळत नसतील, असा एक खुलासा त्याने केला. तो टिकणारा नव्हता, कारण दुबळा संदेश आकडा हलता आणि भरकटलेला करतो, नेमाने निम्मा करत नाही. पण ४३ ला २१.६ ने भागले की १.९९ येते आणि १.९९ म्हणजे जवळजवळ २, हे त्याच्या लगेच ध्यानात आले. त्याने प्रोग्राममध्ये वेगाला दोनाने गुणण्याची एक ओळ घातली, अहवालाच्या पानावरही तोच गुणक बसवला आणि या कामाला ‘कॅलिब्रेशन’ असे नाव दिले. काटा आणि पडदा जुळले. तोच प्रोग्राम घातलेला दुसरा ट्रॅकर मग लहान गाडीतही बसवण्यात आला.

माझ्या मते या प्रकरणातला खरा घोळ इथून सुरू होतो. मूळ आकडा निम्म्याच्या आसपास होता, त्यामुळे कधीतरी कोणाला तरी तो खटकणारच होता आणि तसा तो खटकलाही. दोनाने गुणलेला आकडा मात्र खऱ्याच्या इतका जवळ होता की त्याच्यावर संशय घेण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

संशय आला तो लहान गाडीच्या चालकामुळे. त्याच्या गाडीत बझर वारंवार वाजू लागला आणि संस्थेने त्याला लेखी नोटिसा दिल्या. त्याने सही करायला नकार दिला. त्याचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. एक, बझर वाजतो तेव्हा काटा ३८-३९ वर असतो, चाळीसला टेकलेलाही नसतो. दुसरा मुद्दा त्याने नोटिशीवरच बोट ठेवून मांडला. बऱ्याच नोटिशींत वेग ‘४०’ असाच लिहिलेला होता. “मॅडम, चाळीस म्हंजे हद्दीतच की. मग नोटीस कशाची?” त्याच्या गाडीतल्या मावशींनी आपल्या मोबाइलवर वेग दाखवणारे ॲप सुरू करून ठेवले होते, ते तर त्याहूनही कमी दाखवत होते. संस्थेतल्या काहींचे मत असे पडले की मोठ्या गाडीचा काटा आणि ट्रॅकर दोघे एकच सांगतात, म्हणजे दोन साक्षी एका बाजूला आणि मोबाइल एकटा दुसऱ्या बाजूला. हा युक्तिवाद ऐकायला बरा असला तरी पोकळ होता, कारण ट्रॅकरचा गुणक त्या काट्याकडे बघूनच ठरवलेला होता. दोघांची साक्ष जुळणारच, ती एकाच साक्षीची नक्कल होती.

संस्थेने नोंदी तपासण्यासाठी माझ्याकडे दिल्या त्या याच टप्प्यावर.

अहवाल वाचताना पहिली विचित्र गोष्ट दिसली ती अशी की गुणक बसवल्याच्या दिवसापासून वेगाच्या रकान्यात एकही विषम संख्या नव्हती. ३६, ३८, ४०, ४२ असे आकडे होते. ३७ किंवा ४१ कुठेच नव्हते. चालती गाडी सम आकड्यांवरूनच उड्या मारत जाईल हे शक्य नाही. याचा अर्थ सर्व्हरवर मूळ आकडा दशांश टाकून पूर्णांकात साठवला जात होता आणि पान दाखवताना त्याची दुप्पट होत होती. बझर मात्र गाडीतल्या यंत्रात, दशांशासह असलेल्या मूळ आकड्यावर चालत होता. म्हणून मूळ आकडा २०.३ असला तर यंत्र त्याचे ४०.६ करून बझर वाजवायचे आणि अहवालात २० ची दुप्पट ४० छापली जायची. नोटिशीवर ‘४०’ कसे आले, या चालकाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. अहवालाच्या त्याच पानावर बसने कापलेले अंतर आणि लागलेला वेळ यांचेही रकाने होते आणि अंतर हे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंवरून, म्हणजे वेगाच्या आकड्याशी काहीही संबंध न ठेवता काढलेले होते. जुन्या काळातली, गुणक नसतानाची, एक सकाळची फेरी घेतली. अंतर २४ किलोमीटर, एकूण वेळ ५८ मिनिटे, त्यातली थांब्यांवर उभे राहण्याची १२ मिनिटे वजा केली तर चालती ४६ मिनिटे. म्हणजे चालत्या गाडीचा सरासरी वेग ताशी ३१.३ किलोमीटर. त्याच ४६ मिनिटांतल्या वेगाच्या नोंदींची सरासरी मात्र १६.४ होती. एकाच यंत्राने, एकाच कागदावर, स्वतःचेच म्हणणे खोडून काढले होते. त्यासाठी काटा, मोटारसायकल किंवा मोबाइल यांपैकी कोणाचीच गरज नव्हती.

३१.३ ला १६.४ ने भागले तर १.९१ येते. इथे मात्र थोडे अडखळायला झाले. एककांच्या गोंधळाचा वास येत होता, पण १.९१ हा कुठल्याच दोन ओळखीच्या एककांमधला गुणोत्तराचा आकडा नाही. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, तो गुणक लावला तर वेग २६ च्या जरा वर येतो, ३१ च्या जवळपासही जात नाही. मीटर प्रति सेकंदाचे किलोमीटर प्रति तास करायला ३.६ ने गुणावे लागते. तेही बसत नाही. सागरी मैलाचा १.८५२ जवळ आहे, पण २ सुद्धा जवळच आहे आणि १.९१ दोघांच्या मध्ये उभा आहे. गुंता सुटला तो पूर्णांकाच्या मुद्द्याने. दशांश टाकून दिल्यामुळे प्रत्येक नोंद शून्य ते एक यांच्यामध्ये कुठेतरी, म्हणजे सरासरीने अर्ध्याने, कमी झालेली होती. १६.४ मध्ये हा अर्धा परत घातला की १६.९ होतात आणि १६.९ ला १.८५२ ने गुणले की बरोबर ३१.३ मिळतात.

शंका उरू नये म्हणून मॉड्यूलमधून येणारा कच्चा मजकूर पाहिला. जीपीएस मॉड्यूल आपले उत्तर ओळींच्या रूपात देते आणि या ओळींचा नमुना ‘एनएमईए ०१८३’ या मानकाने ठरवलेला आहे. एनएमईए ही अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांची संघटना. तिने हे मानक १९८३ मध्ये आणले ते जहाजावरची उपकरणे एकमेकांशी जोडता यावीत म्हणून. त्यामुळे ‘आरएमसी’ नावाच्या ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश यांच्यानंतर वेगाचा जो आकडा येतो तो नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल या एककात, असतो आणि तिथे त्याच्यापुढे एकक लिहिलेले नसते. पुरवठादाराच्या प्रोग्रामने हाच उघडा आकडा उचलून त्याच्यापुढे ‘किमी’ छापले होते. याच मॉड्यूलची ‘व्हीटीजी’ नावाची दुसरी ओळ तोच वेग दोनदा देते, एकदा नॉटमध्ये ‘एन’ अक्षरासह आणि एकदा ताशी किलोमीटरमध्ये ‘के’ अक्षरासह. स्थिर वेगाच्या चाचणीत त्या ओळीत २१.६ एन आणि ४०.० के असे शेजारी शेजारी दिसले. जी उकल करायला पुरवठादाराने काट्याकडे पाहिले, ती त्याच्याच यंत्रातून दर सेकंदाला लिहून येत होती.

सांगलीच्या माणसाला नॉट भेटतो तो बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, चक्रीवादळाच्या बातमीत. वाऱ्याचा वेग ३४ नॉटपर्यंत पोहोचला की भारतीय हवामान विभाग त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो. विमानांचा वेगही नॉटमध्येच मोजतात. पण याच रस्त्यावर कवलापूरला जुनी धावपट्टी असली तरी गावातल्या कोणाला नॉटशी कारण पडण्याचा प्रसंग तिने फारसा आणलेला नाही. म्हणून हे एकक कुठून आले ते इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ते समजल्यावर १.८५२ हा आकडा पाठ करावा लागत नाही.

पृथ्वीचा परीघ ३६० अंशांत आणि प्रत्येक अंश ६० मिनिटांत वाटला, तर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या ९० अंशांत ५,४०० मिनिटे होतात. सागरी मैल म्हणजे मुळात यातले एक मिनिट. नकाशावर अक्षांशाची मिनिटे मोजली की मैल मिळाले, वेगळी पट्टी नको, ही खलाशांची सोय होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी मीटर ठरवला तोही याच अंतरावरून. विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर १ कोटी मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटर धरून. तेव्हा १०,००० ला ५,४०० ने भागले की १.८५१८ येतात. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणून नॉटला ५० ने गुणून २७ ने भागले तरी ताशी किलोमीटर मिळतात आणि अधिकृत गुणकापासून होणारा फरक दहा हजारात एकाहूनही कमी असतो. अधिकृत आकडा १९२९ मध्ये मोनाको येथील आंतरराष्ट्रीय जलमापन परिषदेत नेमका १,८५२ मीटर असा ठरला. त्यानंतरही काही दशके इंग्रजांचा सागरी मैल ६,०८० फुटांचा, म्हणजे १,८५३ मीटरहून किंचित मोठा होता आणि अमेरिकेने १,८५२ मीटर स्वीकारला तो १९५४ मध्ये.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे अक्षांशाचे मिनिट सगळीकडे सारखे लांब नसते. विषुववृत्तावर ते सुमारे १,८४३ मीटर आणि ध्रुवापाशी सुमारे १,८६२ मीटर भरते. सांगलीच्या अक्षांशावर ते साधारण १,८४५ मीटर होते. सांगली १६ अंश ५१ मिनिटांवर आणि तासगाव १७ अंश २ मिनिटांवर, म्हणजे दोन्हींत अक्षांशाचा फरक सुमारे ११ मिनिटांचा. त्यावरून उत्तर-दक्षिण अंतर २० किलोमीटरच्या आसपास निघते आणि रस्ता वळसे घेत जातो म्हणून बसचे अंतर त्याहून जास्त भरते. कच्च्या ओळीत हे अक्षांश १६५१ आणि १७०२ असे सलग लिहिलेले असतात आणि त्यांची नुसती वजाबाकी केली तर ५१ येते. अंश वेगळे, मिनिटे वेगळी हे भान या ठिकाणी प्रोग्राम लिहिणाऱ्याने नीट ठेवले होते. म्हणूनच अहवालातले अंतर बरोबर होते आणि त्याच अंतराने पुढे वेगाची चूक उघडी पाडली.

नॉट म्हणजे गाठ, हे तर सर्वश्रुत आहे. जहाजाच्या मागे दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडायची, वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. २८ सेकंदांच्या घड्याळाला ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ, या मापाने तासाला ६,०७५ फूट होतात, जे सागरी मैलाच्या अगदी जवळ आहे. गाठींची संख्या हाच वेग असल्याने ‘ताशी २० नॉट’ असे लिहिणे चुकीचे ठरते. तास त्यात आधीच आहे.

एवढे झाल्यावर रस्त्यावरची चाचणी ही केवळ चालकाच्या आणि संस्थेच्या समाधानासाठी होती, पण ती करणे योग्यच होते. रविवारी सकाळी, द्राक्षांची पिकअप वाहने आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत, लहान गाडी रिकामी नेऊन मोबाइलवर ४० दिसेल असा वेग धरला. त्या वेळी काटा ४१ च्या जरा पुढे आणि दुप्पट करणारा ट्रॅकर ४३.२ दाखवत होता. चार किलोमीटरचा पट्टा घड्याळ लावून पार केला. खरा वेग ४० असेल तर त्याला ६ मिनिटे लागायला हवीत आणि ४३.२ असेल तर ५ मिनिटे ३३ सेकंद. घड्याळाने ६ मिनिटांना दोनेक सेकंद कमी दाखवले. एकाच किलोमीटरवर भागवले नाही, कारण रस्ता रुंद करताना हलवलेल्या दगडांमधले अंतर नेमके असेलच असे नाही आणि एका किलोमीटरवर हा फरक जेमतेम ६-७ सेकंदांचा राहतो.

या चाचणीने दोन काट्यांतला फरकही उघड केला. मोठ्या गाडीचा काटा खऱ्या ४० ला ४३ दाखवतो, लहान गाडीचा ४१ च्या आसपास. यात बिघाड काहीच नाही. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवला तर तो खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर या मर्यादेत असावा, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला संकेत आहे. त्यानुसार खऱ्या ४० ला काट्यावर ४८ पर्यंत चालतात. उत्पादक म्हणून काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवतात आणि टायर झिजला की तो आणखी पुढे जातो. एका काट्याशी जुळवलेला गुणक दुसऱ्या गाडीत न्यायला नको होता, याचे कारण हेच. आणि उलट बाजूने पाहता, काटा ४३ दाखवतो म्हणून ट्रॅकरचे २१.६ हेच खरे आणि काटा खोटा असे म्हणणेही शक्य नव्हते, कारण २१.६ ला काट्याने फार तर २७-२८ दाखवायला हवे होते.

दुरुस्ती स्वतःच किरकोळ होती. दोनाच्या जागी १.८५२ आले, सर्व्हरवर दशांश राखले जाऊ लागले आणि रकान्यांच्या नावांत एकक लिहिले गेले. तरी एक सकाळ गोंधळात गेली. पुरवठादाराने यंत्रातून ताशी किलोमीटर पाठवायला सुरुवात केली होती आणि अहवालाच्या पानावर १.८५२ चा गुणक तसाच राहिला होता. परिणामी ४० ने जाणारी बस अहवालात ७४ ने धावत असल्याचे दिसले. रूपांतर एकाच ठिकाणी, आणि तेही आकडा मॉड्यूलमधून बाहेर पडताच, करायचे असे त्यानंतर ठरले. खरे तर तयार लायब्ररी, म्हणजे अशा कामासाठी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग, वापरली असती तर वेग नॉटमध्ये हवा की ताशी किलोमीटरमध्ये हे नाव घेऊनच मागावे लागले असते. मोबाइलचे ॲप अचूक होते ते काही मोबाइल अधिक हुशार असतो म्हणून नव्हे. अँड्रॉइड प्रणाली ॲपला वेग मीटर प्रति सेकंदात देते हे तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे आणि ॲप लिहिणारा त्याला ३.६ ने गुणतो, एवढेच.

कागद-पेन्सिल हाताशी नसताना हिशेब करायचा तर ताशी किलोमीटरचे निम्मे करून त्या निम्म्यात आठ टक्के मिळवावेत : ४० चे निम्मे २०, त्याचे आठ टक्के १.६, उत्तर २१.६ नॉट. ही रीत जवळजवळ बिनचूक आहे. उलट दिशेने, नॉटची दुप्पट करून तिचा दहावा भाग काढला तर उत्तर जवळपास तीन टक्के कमी येते. मूळ आकड्याचा विसावा भाग त्यात परत घातला की हजारात एकाएवढीच चूक उरते. २० नॉटचे ४०, त्यातून ४ गेले ३६, त्यात १ मिळवला ३७. नेमके उत्तर ३७.०४.

हे ३७.०४ या प्रकरणात महत्त्वाचे आहेत. दुप्पट करणारा बझर मूळ आकडा २० च्या पुढे गेला की वाजत होता, म्हणजे खरी मर्यादा ४० नसून ३७ झाली होती. कोणी म्हणेल की मुलांच्या गाडीला तीन किलोमीटर कमीच बरे. पण मग मर्यादा ३७ आहे असे चालकाला सांगायला हवे होते, ४० सांगून ३७ ला नोटीस द्यायला नको होती.

नोटिशींचे काय करायचे, हा प्रश्न दशांश हरवल्यामुळे अवघड झाला. साठवलेला मूळ आकडा २० असेल तर खरा वेग ३७.० आणि ३८.९ यांच्यामध्ये होता. अशा सगळ्या नोटिसा चुकीच्या, त्या रद्द झाल्या. मूळ आकडा २२ किंवा अधिक असेल तर खरा वेग ४०.७ च्या खाली असूच शकत नाही. त्या नोटिसा टिकल्या आणि चालकाने त्यांवर सहीही केली. उरल्या २१ च्या. २१ म्हणजे ३८.९ ते ४०.७ यांतला कोणताही वेग आणि चाळीसची रेघ नेमकी या पट्ट्याच्या आत पडते. मोकळ्या आकाशाखाली जीपीएस मॉड्यूलचा वेग सेकंदाला ०.१ मीटर इतका काटेकोर असू शकतो, म्हणजे मॉड्यूलला खरे उत्तर माहीत होते, पण साठवणाऱ्याने ते टाकून दिले होते. संशयाचा फायदा चालकाला द्यावा असे मी लिहून दिले आणि संस्थेने ते मान्य केले.

मोठ्या गाडीच्या जुन्या नोंदींचा हिशेब मात्र कोणाच्याच फायद्याचा निघाला नाही. गुणक नसतानाच्या काळात बझर वाजण्यासाठी मूळ आकडा ४० च्या वर जावा लागत होता, म्हणजे गाडी ताशी ७४ किलोमीटरच्या पुढे जाईपर्यंत तो गप्पच राहणार होता. पालकांना छापून दिलेल्या अहवालातला ३० हा सर्वाधिक आकडा म्हणजे प्रत्यक्षात ५५.६ ते ५७.४ यांच्यामधला वेग होता. मोटारसायकलवाल्या पालकाने टिपलेल्या वेळेसमोरचे २८ म्हणजे ५१.९ ते ५३.७, आणि त्याच्या काट्यावरच्या ५५ शी ते व्यवस्थित जुळते. त्या महिन्याचा अहवाल १.८५२ लावून पुन्हा काढण्यात आला, प्रत्येक वेगापुढे खालची आणि वरची अशा दोन्ही कडा लिहिल्या गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी तो त्याच पालकांना बोलावून त्यांच्या हाती दिला.